शब्द एक, मुलूख अनेक

दिल्लीच्या नैर्ऋत्येला, विमानतळाच्या शेजारी द्वारका नावाचे उपनगर वसलेले आहे. या भागाला पूर्वी पप्पनकलां म्हणत. दिल्ली विकास प्राधिकरणाने त्याची आखणी केली, सेक्टरांना क्रमांक दिले, आणि ३१ डिसेंबर २००५ रोजी बाराखंबा रोडपासून द्वारकेपर्यंत मेट्रो धावू लागली, तेव्हापासून हे उपनगर दिल्लीच्या मध्याशी जोडले गेले. येथे पंजाबी आणि हरियाणवी आहेत, बिहारी आणि बंगाली आहेत, मल्याळी आहेत, तशीच नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही आहेत. या सर्वांची बोलण्याची सामाईक भाषा हिंदी आणि पाट्यांची, अर्जांची व सूचनांची भाषा बव्हंशी इंग्रजी आहे. मात्र ही इंग्रजी कोणत्या देशाची, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारण्यासारखा आहे.

द्वारकेतील माणूस 'सोसायटी'त राहतो. 'आमच्या सोसायटीत आज पाणी आले नाही' हे वाक्य येथे कोणालाही कळते. लंडनमधील माणसाला मात्र ते कळणार नाही, कारण त्याच्या लेखी सोसायटी म्हणजे समाज किंवा एखादे मंडळ. समाजात पाणी कसे येणार? या शब्दाचा इतिहास कायद्यात आहे. सहकारी पतसंस्थांसाठी १९०४ मध्ये आणि सर्व प्रकारच्या सहकारी संस्थांसाठी १९१२ मध्ये भारतात कायदे झाले, त्यांत संस्थेला 'सोसायटी' म्हटलेले होते. पुढे सहकारी तत्त्वावर घरे बांधली गेली. त्यांचे कायदेशीर नाव लांबलचक होते, म्हणून लोकांनी त्यातला एकच शब्द उचलला, आणि संस्थेचे नाव इमारतीला चिकटले. मराठीत 'गृहनिर्माण संस्था' हा प्रतिशब्द सरकारी कागदांवर आहेच, परंतु 'आमच्या संस्थेत पाणी आले नाही' असे पुण्यातसुद्धा कोणी म्हणत नाही.

याच वस्तीच्या फाटकावर 'अपार्टमेंट्स' असे लिहिलेले असते आणि आतल्या प्रत्येक घराला 'फ्लॅट' म्हणतात. पहिला शब्द अमेरिकेत रूढ, दुसरा ब्रिटनमध्ये. दोन्हींचा अर्थ एकच. द्वारकेने दोन्ही ठेवून घेतले आणि एकाला संपूर्ण वसाहतीचा, दुसऱ्याला एका बिऱ्हाडाचा अर्थ वाटून दिला. उद्वाहनात शिरल्यावर तळमजल्यासाठी वेगळे बटण आणि त्याच्या वरचा तो पहिला मजला, ही ब्रिटिश मोजणी. अमेरिकेत जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला मजला म्हणण्याची रीत आहे. तेथे गेलेला भारतीय पाहुणा 'दुसरा मजला' ऐकून दोन जिने चढला, तर तो एक मजला पुढे पोहोचतो.

मराठी माणसाची अडचण याहून जवळची आहे. महाराष्ट्रात 'हॉटेल' म्हणजे चहा, मिसळ किंवा जेवण मिळण्याची जागा. दिल्लीत हॉटेल म्हणजे मुख्यतः उतरण्याची जागा. सकाळी चहासाठी हॉटेल विचारणाऱ्या मराठी माणसाला द्वारकेतला रिक्षावाला खोली भाड्याने देणाऱ्या इमारतीपुढे नेऊन सोडू शकतो. रिक्षावाल्याचा अर्थ ब्रिटिश कोशाला जवळचा, म्हणून मराठी माणूस चूक, असा निवाडा एखादा देईल. मग ऑस्ट्रेलियात मद्यपानगृहालाही 'हॉटेल' म्हणतात, त्याचे काय करायचे? बटाट्याच्या तळलेल्या चकत्या महाराष्ट्रात वेफर्स, दिल्लीत चिप्स आणि लंडनमध्ये क्रिस्प्स. लंडनमध्ये चिप्स मागितल्यास बटाट्याचे जाड तळलेले तुकडे पुढे येतात.

खरे तर हा अनुभव मराठी माणसाला इंग्रजीपर्यंत जाण्याआधीच आलेला असतो. दिल्लीतील शाळांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याचे हिंदी नाव 'शिक्षा निदेशालय'. नव्याने आलेल्या मराठी पालकाला ही पाटी पाहून क्षणभर धसका बसावा, असेच हे नाव आहे. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठीत संशोधन प्रयोगशाळेत होते, हिंदीत ते संविधानात होते, कारण तेथे त्या शब्दाचा अर्थ दुरुस्ती असा आहे. नात्यांचे शब्द तर आणखी घोटाळ्याचे. मराठी दादा हा थोरला भाऊ, हिंदी दादा हे आजोबा. मराठी ताई ही थोरली बहीण. हरियाणवी शेजाऱ्याच्या घरी ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, त्यामुळे पंचविशीतल्या मराठी मुलीला कोणी ताई म्हणून हाक मारली की तो शेजारी चमकून पाहतो. आणि मराठी घरात 'काका आले' म्हटल्यावर जी वडीलधारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते, तिच्या जागी पंजाबी घरात लहानगे पोर उभे राहते.

परंतु या घोटाळ्यांवरून कोणी कोणाची भाषा अशुद्ध ठरवत नाही. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे किंवा शिकवणे; त्या न्यायाने हिंदीचा अर्थ मूळचा आणि मराठीचा पुढे सरकलेला. तरीही 'चोराला शिक्षा झाली' हे वाक्य चुकीचे आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणताही मराठी पंडित करणार नाही. जी भाषा बोलणाऱ्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या एखादा शब्द एका अर्थाने वापरला, तो त्यांच्या भाषेत त्याचा खरा अर्थ, हे मराठीच्या बाबतीत सर्वांना मान्य आहे. हाच नियम इंग्रजीला लावताना मात्र सुशिक्षितांचीही जीभ अडखळते.

भारतीय इंग्रजीतील ज्या शब्दांना हसण्याची पद्धत आहे, त्यांतील काहींचे मूळ तपासले तर हसणे थांबते. मोटारीच्या मागच्या सामान ठेवण्याच्या जागेला भारतात डिकी म्हणतात. ब्रिटिश त्याला बूट म्हणतात, अमेरिकन ट्रंक म्हणतात, आणि डिकी हा शब्द अडाणी मेकॅनिकने बनवला असावा, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तो ब्रिटनमधूनच आला. घोडागाडीच्या आणि नंतर जुन्या मोटारीच्या मागे बसण्यासाठी एक जादा बैठक असे, तिला डिकी म्हणत. बैठक गेली, तिच्या जागी सामानाचा कप्पा आला; ब्रिटनने शब्द टाकून दिला, भारताने कप्प्यासाठी ठेवून घेतला, आणि महाराष्ट्रात तर स्कूटरलासुद्धा डिकी आहे.

'स्टेपनी'ची कथा याहून गमतीची. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीबरोबर जादा चाक दिले जात नसे. टायर फुटला की रस्त्यातच बसावे लागे. वेल्समधील लानेली गावच्या एका कारखान्याने अशा वेळी चाकावर बसवता येईल असे तात्पुरते चाक तयार केले. गावातल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून त्या चाकाचे नाव पडले. पुढे प्रत्येक मोटारीला जादा चाक मिळू लागले, कारखान्याचे कामच संपले, आणि ज्या देशात हा शब्द जन्मला तेथे तो विसरला गेला. लंडनच्या गॅरेजात स्टेपनी मागितली तर कोणाला काही उमजणार नाही. भारतातल्या गॅरेजात दहा-बारा वर्षांचा पोरगासुद्धा ती काढून देतो. त्याने त्या वयात तेथे असावे का, हा प्रश्न अर्थातच निराळा.

'पास आउट' या शब्दप्रयोगाची तर नेहमीच टिंगल होते. 'अमुक साली पास आउट झालो' असे भारतीय पदवीधराने म्हटले, तर अमेरिकन माणसाला तो बेशुद्ध पडला असे वाटते. परंतु सैनिकी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला ब्रिटिश इंग्रजीत हाच शब्द आहे. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रशिक्षण संपताना जे संचलन होते, त्याला 'पासिंग आउट परेड'च म्हणतात. भारतातील विद्यार्थ्यांनी छावणीतला शब्द महाविद्यालयात आणला, इतकेच.

शब्दांचा प्रवास उलट दिशेनेही झाला आहे. बंगालमधील घरांच्या धर्तीवर इंग्रजांनी आपल्यासाठी घरे बांधली आणि त्यांना 'बंगलो' म्हटले. शब्द जहाजातून ब्रिटनला गेला. तेथे आज त्याचा अर्थ एकमजली, बहुधा साधे घर असा आहे. भारतात बंगल्याला कितीही मजले चालतात. प्रश्न ऐपतीचा असतो. मुंबईतील एखाद्या नटाच्या तीन मजली बंगल्याला ब्रिटिश माणूस बंगला म्हणणारच नाही. आता यात चूक कोणाची? शब्द भारतीय, म्हणून भारतीयांचा अर्थ बरोबर, असे म्हटले तर स्टेपनीच्या बाबतीत ब्रिटिशांपुढे मान तुकवावी लागेल. त्यापेक्षा दोन्ही अर्थ आपापल्या मुलखात खरे, असे मानणे हाच सरळ मार्ग होय.

इंग्रजीची एकच खरी भाषा असती, तर ती निदान ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात तरी एक राहिली असती. अमेरिकेत नोआ वेब्स्टर याने १८२८ मध्ये आपल्या देशाच्या इंग्रजीचा स्वतंत्र कोश प्रसिद्ध केला. अमेरिकेतील जीवन वेगळे, म्हणून शब्दांचे अर्थही वेगळे होणार, अशी त्याची भूमिका होती. दुसऱ्या महायुद्धातील एक प्रसंग विन्स्टन चर्चिल यांनी नोंदवून ठेवला आहे. ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना एका कागदावर तातडीने चर्चा हवी होती, म्हणून तो 'टेबल' करावा असे त्यांनी सुचवले. ब्रिटिशांच्या भाषेत याचा अर्थ चर्चेला घेणे. भारतीय संसदेत कागद 'पटलावर ठेवतात' तो याच परंपरेतला शब्द. अमेरिकनांच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ कागद बाजूला सारून विसरून जाणे. दोन्ही पक्ष कडाक्याने भांडले आणि बऱ्याच वेळाने दोघांनाही एकच गोष्ट हवी असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. 'बिलियन' हा शब्दही असाच. अमेरिकेत तो शंभर कोटी, म्हणजे मराठीतील एक अब्ज; ब्रिटनमध्ये पूर्वी तो त्याच्या हजारपट होता. १९७४ मध्ये ब्रिटिश सरकारने आपला अर्थ सोडून अमेरिकन अर्थ स्वीकारला. म्हणजे जेथील इंग्रजी प्रमाण मानून भारतीय विद्यार्थ्याला दटावले जाते, तेथेच शब्दाची किंमत एका निर्णयाने बदलली!

काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी इंग्रजी ही एक भाषा नसून अनेक इंग्रज्यांचे कुटुंब आहे, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगापुढे मांडला, आणि भारतीय इंग्रजी ही त्या कुटुंबातील एक घटक असल्याचे दाखवले. आता ऑक्सफर्डचे कोशही सभा अलीकडे घेणे या अर्थाच्या 'प्रीपोन'सारख्या शब्दांना भारतीय इंग्रजी अशी खूण करून जागा देतात. पोस्टपोन चालतो, तर त्याच्या उलट दिशेचा प्रीपोन का चालू नये, हे विचारणाऱ्याला तर्काच्या आधारे उत्तर देणे अवघडच आहे.

असे असले तरी, प्रत्येकाने आपापल्या अर्थाने बोलावे आणि ऐकणाऱ्याचे त्याने पाहून घ्यावे, असे म्हणून विषय संपत नाही. मराठीत 'शंका' या एका शब्दात दोन गोष्टी आहेत. विद्यार्थी शिक्षकांना शंका विचारतो, आणि पोलीस एखाद्याविषयी शंका घेतो. हिंदीसह अनेक भारतीय भाषांत असेच काहीसे आहे. म्हणून भारतीय विद्यार्थी इंग्रजीतही 'मला एक डाउट आहे' असे म्हणतो, आणि भारतातील शिक्षक ते प्रश्न म्हणूनच ऐकतात. परदेशी प्राध्यापकाच्या कानाला मात्र त्याचा अर्थ 'तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही' असा लागतो. विद्यार्थी नम्रपणे विचारतो आणि उद्धट ठरतो. हे कोणी त्याला सांगतही नाही. रुग्णालयाच्या 'कॅज्युअल्टी' या पाटीचेही तसेच. भारतात ती तातडीच्या उपचारांची खोली. अमेरिकन माणसाला तो शब्द अपघातात किंवा लढाईत मेलेल्या व जखमी झालेल्या लोकांची आठवण करून देतो. ब्रिटनमध्ये साध्या दवाखान्यालाही 'सर्जरी' म्हणतात. तेथे नुकत्याच गेलेल्या आजीबाईंना डॉक्टरांनी सर्जरीत बोलावले असा निरोप मिळाला, तर घरात रडारड व्हायची.

काही ठिकाणी तर अर्थाचा फरक जिवावर बेततो. द्वारकेवरून रात्रंदिवस विमाने उतरतात. त्यांचे वैमानिक नाना देशांचे, जमिनीवरून सूचना देणारे भारतीय, आणि मधली भाषा इंग्रजी. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन विमाने एकाच धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्यू पावली. डच वैमानिकाने परवानगी मिळण्यापूर्वीच विमान सोडले होते. त्याआधी नभोवाणीवर गेलेल्या वाक्यात 'टेक-ऑफ' हा शब्द होता, पण विमान उड्डाणासाठी थांबले आहे की धावू लागले आहे, हे त्यातून स्पष्ट होत नव्हते, आणि स्पॅनिश नियंत्रकाने त्याला 'ओके' म्हणून उत्तर दिले. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचे, असा दंडक झाला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेले सौदी विमान आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान हरियाणातील चरखी दादरीवर आकाशात एकमेकांवर आदळले. ३४९ माणसे गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फूट उंचीच्या खाली आले होते, असे चौकशीत ठरले, आणि त्यातील चालकदलाचे इंग्रजी अपुरे होते, ही बाबही पुढे आली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजीच्या पातळ्या ठरवल्या आणि २००८ पासून त्या लागू झाल्या.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. विमानांसाठी जी भाषा ठरली, ती लंडनची नव्हे आणि न्यूयॉर्कचीही नव्हे. ती ठरवून केलेली भाषा आहे. जन्माने इंग्रजी बोलणाऱ्या वैमानिकालाही तेथे आपल्या गावचे शब्द विमानाबाहेर ठेवावे लागतात. जेथे एका शब्दाला एकच अर्थ असणे आवश्यक, तेथे तो सर्वांनी मिळून ठरवायचा आणि सर्वांनी पाळायचा, ही न्याय्य रीत होय. एकाने आपला अर्थ प्रमाण म्हणून मिरवायचा आणि दुसऱ्याने शरमेने मान खाली घालायची, ही ती रीत नव्हे. भारतात इंग्रजीच्या नावाने जे चालते ते बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते.

ते कसे चालते, हे द्वारकेतल्याच एका शब्दावरून दिसते. येथे जागोजागी 'पब्लिक स्कूल' अशा पाट्या आहेत. शब्दाचा साधा अर्थ घेतला तर ती सर्वांची शाळा. अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्येही पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, सर्व मुलांना खुली असलेली शाळाच. द्वारकेत मात्र त्याचा अर्थ भरपूर शुल्क घेणारी खासगी शाळा, आणि सरकारी शाळेचे नाव 'सर्वोदय विद्यालय' किंवा तसेच काही. हा उलटा अर्थ इंग्लंडचा आहे. तेथील जुन्या शाळा एखाद्या गावापुरत्या किंवा पंथापुरत्या मर्यादित नव्हत्या. खर्च झेपेल त्या कोणाचाही मुलगा तेथे येऊ शकत असे, म्हणून त्या 'पब्लिक'. १८६८ मध्ये त्यांच्यासाठी ब्रिटिश संसदेने याच नावाचा कायदाही केला. १९३५ मध्ये डेहराडूनला डून स्कूल निघाले ते त्याच नमुन्यावर, आणि पुढे नमुना राहिला बाजूला, नाव गल्लोगल्ली पोहोचले. शुल्क भरणाऱ्यांपुरता 'पब्लिक' हा शब्द खरा ठरला आणि जे भरू शकले नाहीत ते त्यातून सहज गळाले.

'पास आउट' आणि 'डाउट' यांना हसणारी माणसे पुष्कळदा याच शाळांतून आलेली असतात, आणि त्यांच्या शाळेच्या फाटकावरचा शब्द जगाच्या दृष्टीने तितकाच चमत्कारिक आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ज्यांची शाळा मध्येच सुटली, ज्यांनी गॅरेजात, कारखान्यात, दुसऱ्यांच्या घरी काम करता करता इंग्रजी शब्द कानाने उचलले, त्यांना मात्र प्रत्येक शब्दाचा हिशेब द्यावा लागतो. मुलाखतीला गेलेली बाई 'स्टेपनी' म्हणताना घुटमळते. वस्तुतः तिने उच्चारलेल्या शब्दामागे शंभर वर्षांचा इतिहास असतो. समोरच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला तो ठाऊक नसतो, एवढेच.

शिकवणाऱ्यांकडून आणि कोशकारांकडून याबाबत फार मोठी अपेक्षा नाही. मुलाच्या वहीत 'रबर' हा शब्द आला तर तो खोडू नये. भारतात आणि ब्रिटनमध्ये खोडण्याच्या वस्तूला तेच म्हणतात, मात्र अमेरिकेत त्या शब्दाने कुटुंबनियोजनाचे साधन सूचित होते आणि तेथे 'इरेझर' म्हणावे, हे मोठ्या मुलांना आणि प्रौढांना संकोच न करता सांगावे. परीक्षकाने प्रौढ विद्यार्थ्याच्या पत्रातील 'आउट ऑफ स्टेशन'वर लाल रेघ ओढण्यापूर्वी, ते पत्र कोणाला लिहिलेले आहे हे वाचावे. नागपूरच्या कार्यालयाला लिहिले असेल तर रेघेची गरज नाही. टोरंटोच्या विद्यापीठाला लिहिले असेल तर समासात दुसरा शब्द सुचवावा. आणि मराठी-इंग्रजी कोशात 'शंका' या शब्दापुढे नुसते 'डाउट' लिहून थांबण्याऐवजी आणखी एक ओळ छापावी: विचारायची असेल तर 'क्वेश्चन', घ्यायची असेल तर 'डाउट'.